लेकुरवाळीची पुढची सीट

आमच्या जालन्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपांत एक रीत होती. मागं माणसं कोंबलेली, टपावर पोती, मागच्या पाय ठेवायच्या फळीवर चार-पाच जण लोंबकळत. पण लेकुरवाळी बाई आली, की ड्रायव्हरशेजारी बसलेला गडी आपण होऊन उठायचा. ताई, तुम्ही पुढं बसा, लेकराला हवा लागंल, म्हणायचा. नोकरीत असताना भोकरदन, हसनाबाद, धावडा असा माझा सगळा दौरा जीपनंच व्हायचा. मीही दर वेळी उठायचो, अन् उठलो की स्वतःवर जरा खूशही व्हायचो. सगळ्यात धोक्याच्या जागी आपण लेकरू नेऊन बसवतोय, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं न्हाई. माणुसकी धरली की झालं, एवढंच शिकलेलो.

रिटायर झालो तेव्हा बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलता एक पोरगा अमेरिकेत. नात झाली, ती मी फोटोत पाहिली. तिला तिसरं लागलं तेव्हा जावळ काढायला ते सगळे आले, नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी. कार्यक्रम हसनाबादला, भावकीत. पोरानं येताना विमानातून तिची गाडीतली सीट आणली होती, पट्ट्यांची. अन् मागं पट्टे असलेलीच गाडी पाहिजे म्हणून अडून बसला. अशी गाडी जालन्यात शोधायला दोन दिवस गेले. शेवटी आमच्या गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यांची गाडी ड्रायव्हरसकट दिली. मी घरभर कुरकुरत होतो. एवढ्याशा जिवाला बैलासारखं जखडायचं? आमच्या मांड्या काय झडल्या?

जाताना ती सीटवर झोपली. येताना मात्र सीटवर बसवताच रडायला लागली. मी पुढं बसलो होतो, म्हणलं, आण इकडं तिला. पोरगा न्हाई म्हणाला. पोचवायला आलेली सगळी भावकी गाडीभोवती उभी होती, अन् माझं डोकं सणकलं. तुला याच मांडीवर वाढवला, तुला काय झालं, असं सगळ्यांदेखत सुनावलं. बिचाऱ्याची मान खाली गेली. त्यानं पट्टे सोडले अन् पोरगी माझ्या हातात दिली.

पंधरा-वीस मिनिटं मी राजा होतो, खोटं कशाला सांगू. तिला मोसंबीच्या बागा दाखवल्या, मेंढरं दाखवली. तिनं माझं बोट धरून ठेवलं होतं. मंग एक म्हैस आडवी आली अन् ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मी दोन्ही हातांनी तिला धरलेलं होतं, चांगलं घट्ट. तरी ती माझ्या हातातून सुटली अन् तिचं कपाळ समोर आदळलं.

टाके डॉक्टरबाईंनीच घातले. जिवावरचं कपाळावर निभावलं, म्हणाल्या. सून माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. पोरगा तेवढा बाहेर आला अन् म्हणाला, “बाबा, चूक माझी. मी तुम्हाला न्हाई म्हणायला पाहिजे होतं.” मी त्याला ती चूक घेऊन जाऊ दिली. ठरल्यापेक्षा आठ दिवस आधीच ते निघून गेले.

पुढं रविवारी फोन यायचा. तब्येत, पाऊस, बरं ठेवतो. नात झोपलीय, नात खेळायला गेलीय. ती कधीच रिकामी नसायची. यंदा येता का, हे मी दोन दिवाळ्या विचारलं, नंतर विचारायचं सोडलं. घर खायला उठायचं. भाजी एकट्यापुरती करायला मला आजही जमत न्हाई, उरतेच.

अशात एक दिवस डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. त्यांना जीपवाल्यांना अन् आयांना समजवायचं होतं, की लेकरू पुढं घेऊ नका, मांडीवर तर मुळीच न्हाई. गाडीला पट्टे असतील तर त्याला मागं त्याची वेगळी सीट द्या, जीपला पट्टे नसतील तर निदान मागच्या बाकावर आत घ्या. मला सगळे ड्रायव्हर ओळखत होते, म्हणून मी. आम्ही स्टँडावर, बाजाराच्या गावांत, शाळांच्या पालकसभांत फिरलो. पालथ्या घड्यावर पाणी. इथं मोठ्यांचं बूड टेकंना अन् साहेब लेकराला खुर्ची देऊन राह्यले, म्हणून लोक हसायचे. बायाच चिडायच्या. आईच्या हातापेक्षा तुमचा पट्टा भारी का?

मंग मी गोष्ट सांगायचो. एक म्हातारा होता, त्यानं हट्टानं नातीला मांडीवर घेतलं, असं झालं, तसं झालं. तेवढ्यापुरते सगळे ऐकायचे. तो म्हातारा कोण, हे मी कधीच सांगितलं न्हाई. लोका सांगे ब्रह्मज्ञान! डॉक्टरबाईंना सगळं माहीत होतं, पण त्याही कधी बोलल्या न्हाईत.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात एका वयस्कर ड्रायव्हरनं सगळं ऐकून घेतलं. लेकरू बरं झालं का, त्यानं विचारलं. झालं, म्हणलं.

“अन् म्हातारा?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी इकडंतिकडं पाहिलं. डॉक्टरबाई हातातल्या कागदांत पाहत होत्या.

“एकटा असतो,” म्हणलं. “मीच तो.”

कुणी हसलं न्हाई, कुणी कीवही केली न्हाई. ड्रायव्हर आपल्या जीपकडं गेला. पुढं एक बाई तान्हं घेऊन बसली होती. त्यानं मागच्या दोघांना फळीवर काढलं अन् तिला आतल्या बाकावर बसवलं. ती पुटपुटत होती, लेकराला गरम होतंय म्हणून. मंग त्यानं जीप सुरू केली.

परत आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी पोराला फोन लावला. पहिल्यांदाच मी होऊन. म्हणलं, चूक तुझी नव्हती. मी चारचौघांत तुला बोललो, तुला इलाज न्हाई ठेवला, अन् वरून इतकी वर्षं तुझ्याच माथी राहू दिलं.

तिकडं पोरानं आत कुणाला तरी हाक मारली, पळत आल्याचा आवाज झाला, अन् एका बारीक आवाजानं विचारलं, “हॅलो, कोण बोलतंय?”

मी कोण, ते मला तिला पहिल्यापासून सांगावं लागलं.