ओर्नेलाचे हातमोजे

बोलोन्या शहरातल्या टेकडीवर हाडांचं एक इस्पितळ आहे. ओर्नेला झानेल्ली तिथल्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर हातात मोजे, म्हणून लग्नाची अंगठी घरी, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. नवरा, इव्हो, चिडवायचा की तू माझ्यापेक्षा हातमोज्यांशीच जास्त संसार केलास.

हाडाच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा निघाला की लगेच कुपीत घालून गोठवायचा, हे तिचं काम. त्या तुकड्यात आरएनएचे लांब धागे असतात. ते प्रथिन बनवत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांची गणती केरात व्हायची. त्यांतलेच काही गाठीला वाढवतात, औषधाला दाद देऊ देत नाहीत, असं आता दिसतंय. पण धागे फार नाजूक. माणसाचा घाम, लाळ, आसू लागलं की त्यांचे तुकडे होतात.

दिलेत्ता सोळा वर्षांची, बास्केटबॉल खेळणारी. गुडघ्याजवळ गाठ. माझं हाड परक्यांच्या फ्रीजमध्ये कशाला, म्हणून अडून बसली होती. ओर्नेला तिच्या खाटेशी गेली.

"हे धागे म्हणजे सासू बघ. स्वतः रांधत नाही, पण स्वयंपाकघर तिच्याच धाकात."

पोरगी हसली आणि हो म्हणाली.

तपासणीसाठी तुकडा काढायच्या दिवशी मात्र ती शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी रडू लागली. ओर्नेलानं बोटानं तिचा गाल पुसला आणि त्याच मोज्यांनी कुपी उघडली. निदानाचा तुकडा वेगळा होता, उपचार अडले नाहीत. पण ओर्नेलाच्या कुपीतले धागे पार विरले, आणि औषधाआधीचा तुकडा पुन्हा मिळणार नव्हता. आता आशा होती ती गाठ काढायच्या मोठ्या शस्त्रक्रियेत निघणाऱ्या तुकड्याची. डॉक्टर म्हणाले, मुलीला सांगू नकोस, पुन्हा अडून बसेल. ओर्नेलानं सांगितलं.

"म्हणजे माझ्या रडण्यानं?"

"नाही गं. माझ्या पुसण्यानं."

दिलेत्तानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

औषधांनी केस गेले, वसंत गेला. शस्त्रक्रियेच्या सकाळी दिलेत्ताचं स्ट्रेचर त्याच दाराशी थांबलं. डोक्यावर बास्केटबॉलच्या संघाची टोपी. ओर्नेला मोजे चढवून, हात वर धरून उभी. पुन्हा तुकडा मागायचा धीर होईना.

"घ्या तुमची सासू," दिलेत्ता म्हणाली. "पण हात लांब ठेवा, ओर्नेलाबाई. माझं मी पुसते."

पण एका हाताला सलाईन, दुसरा चादरीखाली गुंडाळलेला. आसू कानाकडे ओघळलं.

ओर्नेलानं मोजे काढले, उघड्या अंगठ्यानं ते टिपलं आणि आत नेईपर्यंत तिचा हात धरून राहिली.

"आणि तुकडा?" पोरीनं विचारलं.

"हात धुते, नवे मोजे घालते. खोकंभर आहेत, पोरी."