ठिबकच्या टाकीतला युरिया

आमच्या शेतकी ऑफिसात फायली कमी आन् किस्से जास्त! लातूर जिल्हा जुन्या जिल्ह्यातून फुटून नवा झालेला, त्यात दुष्काळ. ठिबक लोकांनी पहिल्यांदाच बघितलेलं. पाण्यासोबत खत किती सोडायचं, ते गायकवाड साहेब हिशोब करून काढून द्यायचे. मी त्यांच्यासोबत जीपमधून फिरायचो. आता दोघंही निवृत्त. पण भेटलो की एक किस्सा दुसऱ्याचं बोट धरून येतोच.

*

रेणापूरकडं एका बैठकीत साहेब समजावून सांगत होते, "युरियाचं पोतं पन्नास किलोचं. पण पिकाच्या कामाचं नत्र त्यात तेवीसच किलो."

मागून एक म्हातारबा उठले. "मग बाकीचं जुन्या जिल्ह्यात राहिलं का?"

साहेब इतके हसले की हातातला खडू पडला!

*

द्वारकाबाईंची मोसंबीची छोटी बाग. साहेबांनी विचारलं, "मावशी, झाडं किती?"

बाईंना आकडा ठाऊक नव्हता. बांधावर उभ्या राहून त्या सांगायला लागल्या, "ही थोरली. ही रुसकी. ती माहूरहून आल्यावर लावली, ती रेणुका..." साहेब कागदावर एकेक रेघ मारत गेले. खताचा हिशोब काढून झाला तशा बाई हळूच म्हणाल्या, "रुसकीला जरा कमी सोडा. तिला सोसत न्हाई."

रुसकीच्या बुडाशी पाणी ठिबकवणारे दोन ड्रिपर होते. साहेबांनी खाली बसून त्यातला एक बंद केला.

*

विठ्ठल नावाचा तरणा शेतकरी म्हणाला, "साहेब, रोज कुठं टाकी भरत बसू? महिन्याचं खत एकदाच सोडतो की!"

साहेब म्हणाले, "उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवतोस का? आधी थोडी थोडी पेज पाजावी लागते."

विठ्ठल साहेबांच्या तोंडाकडं बघायला लागला. मग म्हणतो, "साहेब, तुम्ही सकाळपासून जेवलात का?"

त्या दिवशी आम्ही खरंच जेवलो नव्हतो!

*

एकदा साहेबांच्या घरी वहिनींना ताप आला, म्हणून साहेबांनी वरण केलं. मीठसुद्धा हिशोब मांडून टाकलं. वहिनींनी एक घास घेतला. "अहो, एकरी मीठ टाकलं का?"

असं म्हणाल्या आन् ताट संपवलं.

*

दत्तराव आणि मारोती हे सख्खे भाऊ. बागा दोन, पण विहीर एक, मोटार एक, खताची टाकी एक. आन् बोलणं कैक वर्षं बंद! मधे साहेब.

"त्याला सांगा साहेब, खत सुटलं की व्हॉल्व्ह बंद करत जा म्हणावं."

"त्याला सांगा, आधी स्वतःचा बंद कर म्हणावं."

दोघं एकमेकांपासून चार हातांवर उभे!

त्या उन्हाळ्यात विहीर पार तळाला गेली. साहेबांनी दोरी सोडून पाणी मोजलं. ओली दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "पाणी एकाच बागेला पुरेल. वाटून घेतलं तर दोन्ही जातील. सांगा, पाणी आन् खत कोणाच्या बागेला सोडू?"

आता जुंपणार, म्हणून मी जीपकडं बघायला लागलो.

दत्तराव विहिरीत बघत होता. मारोती पायानं ढेकूळ फोडत होता.

दोघं एकदमच बोलले.

"त्याच्या!"