दाजींची हेमांगी

भुतांना आमच्या दाजींइतकं घाबरणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात नसेल, आणि भुतांवर त्यांच्याइतकं लिहिणाराही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. कारखान्यात लेथवर होते, अंगाने दणकट. पण दिवेलागणीनंतर चाळीच्या नळावर जायचं तर ताईला कंदील घेऊन पुढे चालावं लागे. अशा माणसाची ‘हेमांगी’ कादंबरीमाला महिन्याच्या महिन्याला निघत होती. हेमांगी घाटातल्या एका बंगल्यात शिक्षिका म्हणून आलेली, तिथल्या मालकावर तिचा जीव जडलेला. आणि तो मालक जिवंत आहे की मेलेला, हे तिला, वाचकांना आणि खुद्द दाजींनाही ठाऊक नव्हतं.

फर्स्ट शिफ्ट सुटली की भर उन्हात, दार सताड उघडं टाकून ते लिहायला बसत. समोर ताई तांदूळ निवडत बसलेली हवी; ती उठली की लिहिणं थांबलं. भागाच्या शेवटी हेमांगीला कुठेतरी कोंडायचं आणि पुढचा भाग सुचेपर्यंत स्वतः झुरायचं, हा त्यांचा क्रम. कँटीनमध्ये कुणी “काय राव, सुटली का बाई?” विचारलं की ते ताट तसंच सोडून उठत. एका रविवारी सकाळीच ते दापोडीला माझ्या खोलीवर आले, दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. मला वाटलं, घरी काही झालं. म्हणाले, “तळघराला खिडकी ठेवायची राहिली. भाग छापून गेला.”

पुढे ताईला दिवस गेले आणि मध्येच तिची तब्येत बिघडली. तिला पुण्याला इस्पितळात हलवलं. त्याच आठवड्यात प्रकाशकाने कळवलं, या भागात हेमांगी मरू द्या, भुताशी भुताचं लग्न लावू, खप वाढेल. दाजी इस्पितळाच्या बाकावर कागद मांडीवर घेऊन नुसते बसून होते.

“कपाळाला बोट लावून विचार करायची हेमांगीची सवय हिचीच आहे,” ते म्हणाले. “हसणंही हिचंच. तिला मारू कसा?”

“दाजी, कादंबरी आहे ती.”

“माहीत आहे मला. हात धजत नाही.”

तिथेच त्यांनी तो भाग पुरा केला. बंगल्याच्या खिडक्या उघडल्या, ऊन आत आलं, मालकाची सावली फरशीवर पडली. माणूस जिवंत निघाला. दोघं घाट उतरून गेली. प्रकाशक भडकला. भूतच नाही तर मालिका कसली, म्हणून त्याने ती बंद केली.

ताई वाचली. मूल वाचलं नाही.

नंतर कितीतरी वर्षं वाचनालयात लोक पुढचा भाग मागत. मी एकदा धीर करून दाजींना विचारलं, आता लिहीत का नाही?

दाजी दाराबाहेर पाहत म्हणाले, “सुखाने नांदत असेल बिचारी. मी लिहायला बसलो की तिच्यावर काहीतरी येणारच. कशाला?”