स्क्रीनवर निळा डोंगर, अन् काकू गायब

मंडळी, आज थोडक्यात वाचले.

मुरुम गावात माझा फोटो स्टुडिओ हाय. पटकन सापडावं म्हणून गिऱ्हाइकांचे सगळे फोटो मी डेस्कटॉपवरच ठेवते. आज सकाळी कॉम्प्युटरची विंडोज अपडेट केली. मशीन सुरू झालं, तर स्क्रीनवर नुसता निळा डोंगर. एकबी फोटो न्हाय!

तेवढ्यात सास्तूर गावचे एक गिऱ्हाईक काका रिकामी फ्रेम घेऊन आले. परवावर त्यांच्या बायकोचं, काकूंचं, वर्षश्राद्ध आलंय. त्यांचा एकुलता एक फोटो म्या मागं स्कॅन केला होता. मूळ फोटो नंतर वाळवीनं खाल्ला.

"होऊ द्या निवांत, ताई," म्हणत काका समोरच बसले. त्यांच्याकडं बघायची हिंमत होईना.

शेवटी बाहेर जाऊन भावाला फोन लावला. तो म्हणाला, "सुरू करताना तू चुकून नवं अकाउंट काढलंस. प्रत्येक अकाउंटचा डेस्कटॉप वेगळा असतोय. जुन्यातनं आत जा."

परत येऊन जुन्यातनं आत गेले. काकू तिथंच होत्या.

मी काकांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी हळूच स्क्रीनला हात लावला. "ताई, आता हिला परत कुठं जाऊ देऊ नका."

तुमच्याकडं कुणाचा असा एकच फोटो हाय का? तो आत्ता कुठं हाय, सांगता येईल?