तिच्या गाडीची पुढची काच

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खा बाजार मशीनवाला म्हणायचा. पन्नाशीला टेकल्यावर त्याने एका विधवेशी लग्न केलं. बायको मनमिळाऊ होती, घर नीटनेटकं होतं आणि दारात गाडी होती. गाडी तिच्या पहिल्या नवऱ्याची. भिंतीवरचा त्याचा फोटो मशीनवाल्याला कधी खुपला नाही, पण ही गाडी फार खुपायची. गाडीत बसलं की ती हटकून सांगायची, ते वळणावर असा गिअर टाकायचे, ते इथेच हवा भरायचे. मशीनवाला नुसतं हूं हूं करायचा आणि आतल्या आत जळायचा.

एकदा पुढच्या ट्रकमधून खडा उडाला आणि समोरच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. काचवाल्याने सांगितलं, कंपनीची काच मागवावी लागेल, आठवडा तरी जाईल. दुसऱ्या मेकची दुकानातच आहे, मापाला तंतोतंत बसेल, वरची निळी पट्टी तेवढी जरा फिकी.

"कंपनीचीच घाला," ती म्हणाली. क्षणभरही विचार केला नाही.

मशीनवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो स्वतः गिऱ्हाइकांना दुसऱ्या मेकचे पार्ट बसवून द्यायचा आणि काही फरक पडत नाही असं छातीठोकपणे सांगायचा. दुसऱ्या दिवशी तो एकटाच काचवाल्याकडे गेला, बाईंचा विचार बदलला म्हणाला आणि दुकानातली काच बसवून घेतली. घरी येऊन सांगितलं, कंपनीची लवकर आली. ती बरं झालं म्हणाली आणि कामाला लागली.

पुढच्या आठवड्यात दोघं तिच्या बहिणीकडे निघाली होती. तिने काचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे कंपनीचा शिक्का असायचा. मला पहिल्याच दिवशी कळलं."

जाडी, माप, वाट पाहण्याचा ताप, असं बरंच काही त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"त्यांची गाडी म्हणून हट्ट होता ना तुझा?"

"हो. हौसेने घेतली होती त्यांनी. होती तशी राहावी असं वाटलं."

"मग बदलून आणतो."

"राहू द्या आता. नीट दिसतंय ना? पण मला परत फसवू नका. त्यांनी कधी फसवलं नव्हतं."

हे मात्र त्याला फार लागलं. त्या माणसाबद्दल त्याने स्वतःहून आजवर एक शब्द विचारला नव्हता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच त्याने विचारलं, ते कधी भांडायचे का?

"भांडायचे की. मग आठ-आठ दिवस अबोला."

हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. तरी त्याने पुढचं विचारलंच.

"आणि घोरायचे?"