माशीचं आडनाव

"चेहरा दिसत नाही. पंखावरील शिरा अस्पष्ट. त्रुटींची पूर्तता करून फोटो पुन्हा सादर करावा." इंटरनेटवरच्या एका गटात लोक हॉवरफ्लायचे फोटो टाकून 'ही कोण?' असं विचारत, तेव्हा नाना खाली हे असं लिहीत. हॉवरफ्लाय म्हणजे फुलासमोर हवेत एका जागी थबकून राहणारी माशी. पुष्कळ जणी मधमाशीचा आव आणतात, पण पंख दोनच आणि डंख नाही.

नानांची सगळी नोकरी हिंगोलीत जमिनीच्या नोंदी करण्यात गेली. मी त्यांच्या हाताखाली होतो. कागद अपुरा असला तर सख्ख्या मेहुण्याचाही अर्ज ते परत करत. निवृत्तीनंतर परसातल्या कोथिंबिरीला फुलं आली, त्यांवर या माश्या आल्या आणि नानांना नवं कार्यालय मिळालं. जाडजूड इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचत. बहुतेक वेळा ते माशीचं कूळ तेवढं सांगत. "आडनाव लागलं. नाव लागत न्हाई." मी एकदा फारच गळ घातली तर म्हणाले, "तुला काहून घाई? माशीला तर न्हाई."

पुसेगावजवळच्या तांड्यावरची सविता राठोड करडईच्या शेतात फोटो काढी. घरचे हसत. सासू म्हणे, "लोक माश्या हाकलतात, ही त्यांचे फोटो काढून राहिली." एकदा तिनं एका बारक्या, काळ्या, तांबूस पोटाच्या माशीचे सहा फोटो पाठवले. समोरून, पाठीवरून, दोन्ही अंगांनी, पंख, पाय. नानांना त्रुटी सापडेना. त्या दिवशी त्यांनी आडनावासकट नाव दिलं, वर 'जिल्ह्यात प्रथमच' असंही लिहिलं. सवितानं ते उत्तर कागदावर छापून चौकटीत बसवलं. घरातलं हसणं थांबलं. पाहुणे आले की सासूच चौकट दाखवू लागली.

वर्षभरानं नानांच्या वाचनात आलं की त्या आडनावाच्या बऱ्याच माश्या फोटोवरून वेगळ्या ओळखूच येत नाहीत. त्यासाठी नर पकडून त्याच्या पोटाचं टोक भिंगाखाली तपासावं लागतं. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. "अर्ज पूर्ण व्हता रे, म्हणून मंजूर केला. पूर्ण म्हंजे खरा, असंच धरून चाललो."

मी म्हणालो, "राहू द्या नाना, कोणाला कळणार आहे?" गटात त्यांनी दुरुस्ती लिहिली, पण तेवढ्यानं त्यांचं भागेना. तांड्यावर चौकट होती. मला वाटत होतं, त्या बिचारीची घरातली पत आता जाणार. तेच त्यांनाही वाटत असावं, तरी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते तांड्यावर निघाले.

सवितानं चहा आणला. नानांनी कप हातात घेण्याआधीच सगळं सांगून टाकलं. सासू सुनेकडे पाहू लागली.

"मंग इचं नाव काय, काका?" सवितानं विचारलं.

"मला माहीत न्हाई, ताई. तुमचे फोटो एकदम बराबर व्हते. चुकलो मी."

"चौकट काढून टाकू?" ती अगदी हळू बोलली.

"काढा, पण टाकू नका. इकडं द्या."

त्यांनी मागचा पुठ्ठा सोडवला, कागद मांडीवर घेतला आणि नावावर एक सरळ रेघ मारली. आडनाव राहू दिलं. शेजारी 'चूक माझी' असं लिहून पूर्ण सही केली, तारीख घातली. "खाडाखोडीला सही लागते," ते म्हणाले, आणि मगच गार झालेला चहा प्यायले.

"एवढ्या लांब माशीपायी आलात?" सासूनं विचारलं.

"माशीपायी न्हाई. सूनबाईंचं काम चोख हाय, ते सांगाया आलो."

गेल्या हिवाळ्यात नाना झोपेतच वारले. फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून मी तांड्यावर गेलो. सविता शेतात होती. सासू एका पाहुणीला चौकट दाखवत होती. रेघेवर बोट ठेवून म्हणत होती, "हे बघ, येवढे मोठे साहेब चुकले व्हते. आमच्या सुनंला सांगाया आले, सही करून गेले."

मला पाहून तिनं पदर सावरला.

"या, बसा. साहेब न्हाई आले संगं?"