मधल्या खुर्चीवरचे साहेब

चाकणपासून पाच-सहा किलोमीटरवर कुरणवाडी नावाचं गाव आहे. गावाच्या तीन बाजूंना आता कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या आहेत. चौथ्या बाजूला ग्रामपंचायत आहे आणि पंचायतीत उद्धवराव शिपाई आहेत. मूळचे ते हिंगोलीकडचे. चाकणला एका कंपनीत कामाला म्हणून आले, दोन वर्षांत कंपनी बंद पडली आणि ओळखीपाळखीनं पंचायतीत चिकटले. तो दोन हजार दोनचा डिसेंबर.

पंचायतीतली बाकीची कामं कोणीही करील, पण फोटोंचं काम उद्धवरावांचं. थोरामोठ्यांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या सरकारी यादीप्रमाणे करायच्या असतात. ती यादी लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, पण उद्धवरावांना ती बघावी लागत नाही. अठ्ठावीस नोव्हेंबरला जोतिबा, सहा डिसेंबरला बाबासाहेब, वीस डिसेंबरला गाडगेबाबा, दहा मार्चला सावित्रीबाई. तेवीस मार्चला भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू. राजगुरू तर आपल्याच तालुक्याचे, म्हणून त्या दिवशी हार दोन. आदल्या संध्याकाळी फोटो काढायचा, काच पुसायची, सकाळी टेबलावर पांढरी चादर घालून मांडायचा, उदबत्ती लावायची आणि नारळ हाताशी ठेवायचा. सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, पण एवढ्या वर्षांत कुठल्याही थोर माणसाचा दिवस चुकला नाही.

यादीत नसलेला एकच फोटो कपाटात होता. तो बाळाजी मास्तरांचा. बाळाजी गोविंद पाचर्णे. कुरणवाडीची शाळा त्यांनी काढली, तीस वर्षं चालवली आणि नऊ फेब्रुवारी दोन हजार एकला ते वारले. गावानं ठराव करून त्यांची पुण्यतिथी पंचायतीत करायचं ठरवलं होतं.

आणि नेमक्या ह्याच फोटोत उद्धवरावांच्या जिवाला घोर होता.

झालं होतं ते असं. नोकरीला लागून दोन महिने झाले असतील. कार्यालयाला चुना देणं चालू होतं. मास्तरांच्या फोटोची काच आधीच तडकलेली होती, तिच्यातून चुन्याचे ओघळ आत उतरले. उद्धवरावांनी काच बाजूला केली आणि ओल्या फडक्यानं फोटो पुसला. फोटो जुना, दमट. फडकं उचललं तर मास्तरांचं तोंडच फडक्यावर आलेलं. फोटोत राहिली ती टोपी आणि कोटाची बटणं.

पुण्यतिथी आठ दिवसांवर होती. नोकरी कच्ची. सरपंच त्या वेळचे मोठे तापट. उद्धवरावांनी मास्तरांना हयातीत पाहिलेलं नव्हतं. पण शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत अडुसष्ट सालचा एक ग्रुप फोटो होता. काहीतरी निमित्त सांगून त्यांनी तो मागून घेतला आणि राजगुरुनगरच्या एका स्टुडिओत नेला.

स्टुडिओवाल्यानं विचारलं, "ह्यातले कोणते?"

फोटोत सगळेच टोपीवाले आणि मिशीवाले. उद्धवरावांनी क्षणभर बघितलं आणि मधल्या खुर्चीवर बसलेल्या, हातात पुष्पगुच्छ असलेल्या गृहस्थांवर बोट ठेवलं. शाळा ज्यांनी काढली ते मधे नाही बसणार तर कुठे बसणार?

फोटो मोठा होऊन आला, टेबलावर मांडला गेला. सरपंच म्हणाले, "तरुणपणीचा दिसतोय." कोणी म्हणालं, "काय रुबाब होता!" झालं. नारळ फुटला.

चार वर्षांनी शाळेची जुनी इमारत पाडली, तेव्हा तो ग्रुप फोटो पंचायतीच्या कपाटात आला. मागच्या पुठ्ठ्याला कसर लागली होती. उद्धवरावांनी पुठ्ठा काढला, तर आत फोटोच्या पाठीवर वळणदार अक्षरात नावं लिहिलेली. मध्यभागी खुर्चीवर, मा. वाघोलीकरसाहेब, शाळा तपासणी अधिकारी. उभे, डावीकडून पहिले, बा. गो. पाचर्णे, मुख्य शिक्षक.

डावीकडचा पहिला माणूस चौकटीत निम्माच आला होता. एक खांदा, एक कान आणि एक डोळा.

त्या दिवशी उद्धवराव जेवले नाहीत. उद्या सांगू म्हणाले. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. मग सरपंचांच्या घरी लग्न निघालं. मग निवडणूक लागली. सांगायची गोष्ट वर्षभर राहिली की ती सांगायला दुप्पट जड होते, आणि हिला तर वर्षांमागून वर्षं गेली. उद्धवरावांनी एवढंच केलं की नऊ फेब्रुवारीचा हार ते चाकणच्या बाजारातून स्वतः आणू लागले. झेंडूचा, मनगटाएवढा जाड. तो घातला की साहेबांचं नाकापर्यंतचं तोंड झाकून जाई.

मास्तरांपाशी शिकलेले लोक गावात दिवसेंदिवस कमी होत गेले. अलीकडे नानासाहेब एवढेच पुण्यतिथीला नेमानं यायचे. ऐंशी पार केलेले. मागच्या खुर्चीवर बसून डोळे बारीक करून फोटोकडे बघायचे, मान हलवायचे आणि गप्प बसायचे. ती मान हलली की उद्धवराव हार आणखी वर सरकवायचे.

यंदा पंचविसावी पुण्यतिथी. नव्या सरपंच सोनलताई हौशी. त्यांनी ठरवलं, की दणक्यात करायची. सात तारखेला त्या कार्यालयात आल्या त्या हसतच.

"मामा, हायवेच्या फाट्यावर फ्लेक्स लावलाय बघा मास्तरांचा. दहा फुटी! फोटो काय क्लिअर आलाय! आणि दुसरी बातमी. मास्तरांच्या मुलीचा पत्ता लागला. विजयश्रीताई. इतकी वर्षं नागपूरला होत्या, दिवाळीपासून निगडीला मुलाकडे राहायला आल्यात. येते म्हणाल्या."

उद्धवरावांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

घरी बायकोला, कस्तुराला, सगळं ठाऊक होतं. अख्ख्या गावात तिला एकटीलाच. तिनं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावरून उतरवली आणि म्हणाली, "दहा फुटी साहेब झालाय म्हणा की. आता हार कुठून आणता? जेसीबीनं घालावा लागंल."

"थट्टा सुचायली तुला."

"मग काय रडू? अहो, पोरगी हाय ती त्यांची. फाट्यावर गाडीतून उतरंल, वर बघंल आणि इचारंल, ह्यो बाप्या कोण? चारचौघांत समजण्यापरीस आधी जाऊन सांगा. नोकरी जाईल तर जाईल. तसं बी वर्षभरच राह्यलंय."

नोकरीचं उद्धवरावांना एवढं वाटत नव्हतं. वाटत होतं ते त्या बाईचं. बापाच्या पुण्यतिथीला आलेल्या लेकीला परक्या माणसाच्या पाया पडायला लावायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं.

आठ तारखेला दुपारी ते निघाले. ग्रुप फोटो शालीत गुंडाळून काखेत. चाकणहून भोसरी आणि भोसरीहून निगडीची बस. तिथल्या प्राधिकरण वसाहतीतले सेक्टर नंबरांनी ओळखायचे, त्यामुळे घर सापडायला अर्धा तास गेला. दार उघडलं ते विजयश्रीताईंनीच. सत्तरीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"कुरणवाडीहून आलात? या, या. उद्या गाडी पाठवणार होते ना?"

उद्धवराव सोफ्याच्या कडेवर बसले. पाणी प्याले. बस स्टॉपपासून घोकत आणलेलं वाक्य तेवढ्यात विसरले. शेवटी शाल सोडली आणि चुन्यापासून फ्लेक्सपर्यंत जसं आठवेल तसं, मागचं पुढे आणि पुढचं मागे, सांगून टाकलं. वर बघायची हिंमत नव्हती.

ताईंनी चष्मा खाली ओढला, फोटो खिडकीपाशी नेला आणि म्हणाल्या, "अगं बाई. वाघोलीकर."

"वळखता?"

"ओळखते? आमच्याच घरी जेवायचा हा माणूस. तपासणीला आला की आईला पुरण घालावं लागायचं. चार-चार पोळ्या खाऊन शाळेला शेरा दिला होता, 'मुलांना पाढे येत नाहीत'. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते." त्या हसू लागल्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या. "आणि तेवीस वर्षं तुम्ही त्याला नारळ फोडताय!"

उद्धवरावांना हसावं की रडावं कळेना. ते हात जोडून बसून राहिले. ताईंचं हसू थांबलं. त्यांनी फोटोच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे बाबा. कायम असेच, कडेला. फोटो काढायचा म्हटलं की दुसऱ्यांना आत ढकलायचे." मग म्हणाल्या, "मला राग आलाय. येणारच. तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

"व्हय ताई."

"पण आलात हे बरं केलंत. आता एक करा. उद्या हे सभेत तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्ही सांगितलं तर दुरुस्ती होईल."

"मी? मी कधी चार माणसांत बोललो न्हाई ताई."

"चार नसतीलच. दोनशे असतील," ताई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

नऊ तारखेला सकाळी सोनलताईंचं प्रास्ताविक झालं. टेबलावर साहेबांचा फोटो होता. उद्धवरावांनी हार आणला होता, पण घातला नव्हता. साहेब सगळ्यांकडे सरळ बघत होते. विजयश्रीताई पहिल्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. उद्धवराव माइकपाशी गेले तेव्हा लोकांना वाटलं माइक नीट करायला गेले.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज मंडपाच्या दोन्ही कर्ण्यांतून ऐकू आला. "हा फोटो मास्तरांचा न्हाई. चूक माझी हाय."

पुढचं त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. सोनलताई उभ्याच राहिल्या होत्या. "मामा!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

आणि मागच्या बाजूनं काठी आपटल्याचा आवाज आला. नानासाहेब उठत होते.

"म्हंजी ह्यो मास्तर न्हाई?"

"न्हाई नाना."

"नक्की न्हाई?"

"न्हाई. तपासणी साहेब हाय."

"आरं, मंग मला येडा का ठरवला!" नानासाहेब कडाडले. "मला पयल्यापासनं वाटायचं, ह्ये आपलं मास्तर न्हाईत. म्हनलं डोळं गेलं. मोतीबिंदू काढून घेतला ह्या फोटूपायी! मंग तर त्ये आजूकच दुसरं दिसाया लागलं. घरात बोललो, तर पोरगा म्हनला आबांना भरम हुतोय. डागदरानं इसराळूपनाच्या गोळ्या दिल्या. दोन वरसं मला एकट्याला चाकनला जाऊ देत न्हाईत राव! मी बी म्हनलं, ज्यानं हात धरून ग म भ न गिरवून घेतलं, त्याचं तोंड इसरलो, म्हंजी सपलंच आता आपलं."

ते बोलायचे थांबले आणि खुर्चीत बसून खदखदून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं. आधी पुढची पोरं हसली, मग सगळी सभा. नानासाहेबांचा मुलगा मान खाली घालून हसत होता.

उद्धवराव मात्र हसले नाहीत. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपल्या गप्प बसण्यानं वजन पडलं ते आपल्या एकट्याच्या छातीवर. ते माइकपासून निघाले, सरळ मागच्या रांगेत गेले आणि नानासाहेबांच्या पायाला हात लावला.

"ऊठ रं," नानासाहेब म्हणाले. "माझं डोस्कं शाबूत हाय ह्ये तूच सांगितलंस. दुसरं कोन सांगनार हुतं?"

विजयश्रीताईंनी पिशवीतून फोटो काढला. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. कानांभोवती मफलर, डोक्यावर टोपी नाही, टक्कल. नानासाहेबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि पोराला म्हणाले, "ह्यो बघ. ह्ये मास्तर." टेबलावरचे साहेब उचलून तिथे तो ठेवला. जाड हार त्या लहान फ्रेमला फार मोठा झाला, म्हणून उद्धवरावांनी तो भोवती चादरीवर पसरला आणि ताईंनी गुलाबाचं एक फूल वाहिलं.

कार्यक्रमानंतर सोनलताई फोनवर फ्लेक्स उतरवायला सांगू लागल्या, तर कोणीतरी म्हणालं, "राहू द्या की दोन दिवस. हायवेच्या लोकांना वाटंल कुणाचातरी वाढदिवस हाय." सोनलताईंनी डोळे वटारले. मग उद्धवरावांना म्हणाल्या, "मामा, सांगायचं तरी एकदा. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

दुपारी मंडप मोकळा झाला. कस्तुरा खुर्च्या रचत होती. नानासाहेब पंचायतीच्या पायरीवर बसले होते. आज त्यांना एकट्याला घरी जायचं होतं, आणि कोणी अडवत नव्हतं, म्हणून घाई नव्हती. उद्धवराव त्यांच्या शेजारी टेकले. तेवीस वर्षं ज्या माणसासाठी त्यांनी उदबत्ती लावली, त्याच्याबद्दल त्यांनी गावात कोणाला कधी एक अक्षर विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बोलणं फोटोवर आलं असतं.

"नाना," ते म्हणाले, "मास्तर कसे होते हो?"

नानासाहेबांनी काठी बाजूला ठेवली.

"खोकायचे लई," ते म्हणाले. "आन् पोरगं साळंत आलं न्हाई, की खोकत खोकत त्याच्या रानात जायचे. माझ्या बापानं एकदा मला कडब्याच्या गंजीमागं दडवला हुता. मास्तर आले, बांधावर बसले, तमाकू मळली, आन् बापाला काय म्हनले ठाव हाय?"

"काय म्हनले?" उद्धवरावांनी विचारलं आणि पाय लांब सोडून आरामात बसले.